पहिला दिवस डोंगराचा
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

दसऱ्याच्या सुट्टीचे बेत आखणाऱ्या वाचकांची पत्रं या खेपेला जास्त आली. आपल्या सीमाभागातल्या शाळा कर्नाटकाच्या वेळापत्रकाने चालतात, त्यामुळे सहामाहीनंतरची मोठी सुट्टी दसऱ्याला लागते. कोल्हापूर-पुण्याकडची मुलं दिवाळीला मोकळी होतात. पाहुण्यांबरोबर एकत्र जाणं जमत नाही, अशी तक्रार तीन-चार पत्रांत आहे. पण दिवाळीतली आंबोली-वेंगुर्ल्याची गर्दी टळते, हा त्यातला नफाच म्हणायचा. अडचण परतीच्या पावसाची. ऑक्टोबरात तो अजून घुटमळत असतो, आणि खालची बरीच उत्तरं त्याला धरून दिली आहेत.

प्रश्न : मी आणि सौ. दोघांचीही साठी उलटली आहे. मुलगा, सून, नातू अकरा वर्षांचा आणि नात सहा वर्षांची. चार दिवस आंबोलीमार्गे वेंगुर्ल्याला जायचं ठरतंय. मुलगा म्हणतो पहिल्याच दिवशी डोंगर चढू. सून म्हणते आधी समुद्र, डोंगर परतताना. कुणाचं ऐकावं? आणि सगळ्यांना झेपेल असा डोंगर किती वेळाचा असावा?
(एक आजोबा, टिळकवाडी)

उत्तर : मुलाचं ऐका. डोंगर उतरल्यावर मांड्या-पोटऱ्या दुखतात त्या लगेच नाही. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. चढताना दम लागतो, पण स्नायूंची खरी झीज उतरताना होते. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचं वजन तोलून धरतो आणि त्यात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. पहिल्या दिवशी डोंगर झाला तर हे दुखरे दिवस वाळूत आणि पाण्यात निघून जातात. शेवटच्या दिवशी केलात तर सोमवारी शाळेच्या जिन्यावर आणि ऑफिसात भोगावे लागतात. शिवाय तीन दिवस समुद्रावर काढलेल्या माणसाचे खांदे उन्हाने सोललेले असतात, त्यावर सॅकचा पट्टा टेकवत नाही. जागरणं झालेली असतात आणि मुलांची पोटं बिघडलेली असतात. आणखी एक सोय अशी की पहिल्या दिवशी पाऊस कोसळला तर डोंगर दुसऱ्या सकाळवर ढकलता येतो. शेवटच्या दिवसाला ती सवड नाही.

एक पथ्य मात्र पाळा. पहाटे बेळगावातून निघून, सत्तरेक किलोमीटर गाडी हाकून, तसंच डोंगराला भिडू नका. मुलं अर्धवट झोपेत, पोटं रिकामी किंवा वळणांनी ढवळलेली, आणि चालायला सुरुवात होते तोवर साडेनऊ-दहा वाजलेले. आदल्या संध्याकाळी आंबोलीत मुक्काम करा आणि सकाळी साडेसहा-सातला पायवाटेवर असा. ऑक्टोबरात ढग दुपारनंतर जमतात आणि विजा बहुधा त्यानंतर. बाराच्या सुमारास खाली पोचायचं, या हिशेबाने सगळं बसवा.

वेळेचा अंदाज बांधायला एक जुना नियम आहे. नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये तो मांडला: सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर (दोन हजार फूट) चढाला आणखी एक तास. समजा वाट येऊन-जाऊन सहा किलोमीटर आहे आणि चढ ३०० मीटर. सहा किलोमीटरचे एक तास बारा मिनिटं, चढाची तीस मिनिटं, एकूण एक तास बेचाळीस. हा धडधाकट, न थांबणाऱ्या माणसाचा वेळ झाला. सहा वर्षांची नात आणि साठीपुढचे गुडघे बरोबर असतील तर दुप्पट धरा, म्हणजे जवळजवळ साडेतीन तास. न्याहारी, फोटो आणि लघवीचे थांबे मिळून आणखी पाऊण तास. सातला निघालेली मंडळी सव्वाअकराला गाडीपाशी. तुमच्या कुटुंबाला याहून मोठी वाट पहिल्या दिवशी नको.

हिशेबातला सर्वात महत्त्वाचा आकडा मात्र माथ्यावर पोचण्याचा नसून मागे फिरण्याचा असतो. तो निघण्याआधी सगळ्यांदेखत ठरवा, वरच्या उदाहरणात सव्वानऊ. त्या वेळी जिथे असाल तिथून परत. माथा दहा मिनिटांवर असला तरी परत, कारण ती दहा मिनिटं कधीच दहा नसतात, आणि थकलेल्या पायांनी उतरताना माणसं पडतात.

गुडघ्यांसाठी दोघांनाही काठी घ्या. चढताना काठी टेकली की कोपर काटकोनात यावं, एवढी तिची लांबी. उतरताना ती पाच ते दहा सेंटिमीटर वाढवावी लागते, म्हणून लांबी बदलता येणारी काठी बरी. साध्या बांबूने काम भागतं, फक्त कातळाच्या पायऱ्यांवर घसरू नये म्हणून खाली रबराचं टोपण बसवा. उतारावर पावलं छोटी, गुडघा किंचित वाकलेला, आणि टाच आपटून नव्हे तर पूर्ण तळवा टेकवून. ज्यांना रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी चालू आहे त्यांनी सकाळच्या गोळीची आणि न्याहारीची वेळ डॉक्टरांना आधी विचारून ठेवावी. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी चढायला लागलात तर अर्ध्या वाटेत साखर उतरते. लक्षणं घाम, कंप आणि चिडचिड; खिशात ग्लुकोज असू द्या.

चालण्याचा क्रम: वाट ठाऊक असलेला पुढे, त्याच्या मागे सर्वात मंद चालणारा, आणि सर्वात दमदार माणूस शेवटी. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. अकरा वर्षांचा मुलगा पळत पुढे, आजी मागे एकटी. पुढचा थांबून वाट बघतो, मागची माणसं पोचली की हा लगेच निघतो, म्हणजे ज्यांना विश्रांती हवी त्यांनाच ती मिळत नाही.

आंबोलीत दोन गट करणंही चांगलं. महादेवगडाच्या कड्याकडे आणि हिरण्यकेशीच्या देवळाकडे गाडी सोडल्यावर थोडंच चालावं लागतं. संकेश्वरवरून वाहणारी हिरण्यकेशी इथेच उगम पावते, हे नातवंडांना दाखवण्यासारखं आहे. ज्यांना जास्त चालायचं नाही त्यांनी ही ठिकाणं करावीत, बाकीच्यांनी गावातला वाटाड्या घेऊन जंगलातली वाट. आंबोलीचा पाऊस बेळगाव शहराच्या पाच-सहापट असतो. तिथला कातळ ऑक्टोबरातही शेवाळलेला असतो आणि कड्यालगतचं गवत माणसाच्या कमरेएवढं, त्यामुळे कड्याची कड दिसत नाही. कठड्यापलीकडे फोटोला कुणीही जायचं नाही, जाणत्याने तर नाहीच.

आणि वीज. चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीनने भागा, तेवढे किलोमीटर ती दूर आहे. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर माथा, बुरूज आणि एकटं झाड सोडून खाली उतरा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा वर जाऊ नका.

प्रश्न : आमची मुलगी आठ वर्षांची. मागच्या वेळी अर्ध्या डोंगरावर बसली आणि उठेचना. रागावून, समजावून झालं, शेवटी उचलून आणली. पुन्हा नेऊ की नको?
(एक आई, शहापूर)

उत्तर : न्या. हट्टाचं कारण बहुधा पायात, पोटात नाहीतर अंगावरच्या कपड्यांत असतं, म्हणून त्याच क्रमाने तपासा. आधी बूट काढून बघा: मोज्याची घडी, खडा, टाचेवर लालसर चट्टा. लाल दिसताच कापडी चिकटपट्टी लावली तर फोड येत नाही. फोड आल्यावर लावलेली पट्टी नुसती समजूत. मग खाणं. मुलांच्या अंगात साखरेचा साठा कमी असतो. शेवटचं खाणं होऊन दीड तास झाला असेल तर दोन खजूर किंवा गुळाचा खडा द्या आणि दहा मिनिटं काही बोलू नका. बरेचदा प्रश्न तिथेच मिटतो. तिसरं, ती उकडून निघाली आहे का ते बघा. पहाटे थंडी म्हणून घातलेला स्वेटर चढावर कुणी काढत नाही. निघतानाच थोडी थंडी वाजेल इतपतच कपडे अंगावर हवेत.

हे तिन्ही नसेल तर ती कंटाळली आहे. 'अजून थोडंच' हे मोठ्यांचं वाक्य मुलांना एकदाच पटतं. त्याऐवजी दिसणारं ठिकाण सांगा: त्या आंब्यापर्यंत, मग थांबू. नकाशा तिच्या हाती द्या. आपल्याकडच्या मुलांनी दिवाळीत अंगणात किल्ला केलेलाच असतो. बुरूज, दरवाजा, टाकं, चोरवाट यांतलं काय काय खऱ्या किल्ल्यावर सापडतं ते शोधायचं काम दिलं की पाय आपोआप चालतात. यासाठी राजहंसगड सोयीचा. बेळगावपासून पंधरा किलोमीटरच्या आसपास, वर सिद्धेश्वराचं देऊळ, आणि गाडीरस्ता असल्याने मूल थकलं तर घरचं कुणीतरी गाडी वर आणू शकतं. तुम्ही मात्र खालच्या गावातून चालत चढा. चंदगड तालुक्यातला पारगड याच्या पुढची पायरी. खरोखरच पायऱ्या आहेत, आणि आठ वर्षांच्या मुलाला मोजायला आवडतील इतक्या. ज्या रायबाचं लग्न बाजूला ठेवून तानाजी मालुसरे कोंडाण्यावर गेले, तो रायबा पुढे पारगडाचा किल्लेदार झाला असं परंपरेने सांगतात. एवढी गोष्ट पायथ्याशी सांगून ठेवली की वर पोचायला कारण मिळतं.

मुलीच्या पाठीवर सॅक द्यायची तर तिच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको. पंचवीस किलोच्या मुलीला अडीच किलो, त्यात पाणी धरून.

प्रश्न : चांगल्या कंपनीचे ट्रेकिंगचे बूट पाच-सहा वर्षांपूर्वी घेतले, दोनदाच वापरले. या पावसाळ्यात घातले तर अर्ध्या तासात दोन्ही तळ उखडून हातात आले. फसवणूक झाली का?
(एक वाचक, अनगोळ)

उत्तर : फसवणूक नाही. न वापरल्यामुळे गेले. अशा बुटांच्या मधल्या थरात पॉलियुरेथेनचा मऊ फेस असतो. हवेतली वाफ त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडते. वरून बूट नवाकोरा दिसतो, आत फेसाचा भुगा झालेला असतो. आपल्याकडे चार महिने भिंतींना ओल येते, त्यात खोक्यात बंद करून ठेवलेला बूट लवकर जातो. महिन्यातून एकदा घालून फिरलात आणि हवेशीर जागी ठेवलात तर जास्त टिकतो, पण कायमचा नाहीच. जुना बूट सुट्टीआधी घरीच तपासा. अंगठ्याने मधला थर जोरात दाबा. भेगा पडल्या, भुकटी सुटली किंवा दाबलेली खूण तशीच राहिली तर तो मोडीत काढा. साधा डिंक लावून उपयोग नाही, कारण चिकटवायला आत घट्ट असं काही उरलेलंच नसतं.

नवे घ्यायचे तर संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो. मोजे जे वापरणार तेच घालून बघा. नाडी न बांधता पाय पुढे सरकवला की टाचेमागे एक बोट जायला हवं. उतारावर पाय पुढे जातो. ती जागा नसेल तर अंगठ्याचं नख काळं पडतं. नखं निघण्याच्या दोन दिवस आधी सरळ कापा. सुती मोजे नकोत. ते घाम धरून ठेवतात, ओली कातडी मऊ पडते आणि घासून फोड येतो. नवे बूट आधी आठ-दहा दिवस रोज तासभर वापरा, थेट डोंगरावर नेऊ नका. मुलांना महागडे ट्रेकिंगचे बूट हवेतच असं नाही. शाळेचे पीटीचे बूट गुळगुळीत तळामुळे घसरतात, पण खोल नक्षीचे साधे स्पोर्ट्‌स बूट मुलांना पुरतात.

प्रश्न : चार-पाच तासांच्या डोंगराला खाणं-पाणी किती आणि काय न्यावं? दरवेळी पाणी तरी संपतं, नाहीतर अर्धं जेवण परत येतं.
(एक गृहिणी, निपाणी)

उत्तर : मोठ्याला दोन लिटर, दहा वर्षांच्या आतल्या मुलाला एक लिटर, एप्रिल-मेच्या सुट्टीत मोठ्याचे तीन करा. एक बाटली गाडीत वेगळी ठेवा, उतरल्यावर तीच लागते. पाणी संपतं त्याचं कारण पहिल्या चढावरच गटागटा पिणं. दर वीस मिनिटांनी चार घोट, तहान लागो न लागो, ही सवय मुलांना लावा.

नुसतं पाणी भरपूर प्यायलं तरी घामाबरोबर गेलेलं मीठ भरून येत नाही. डोकं जड होतं, पायात गोळे येतात. म्हणून एका बाटलीत ओआरएस ठेवा. पुडीवर लिहिलेलं पाण्याचं माप पाळा. मोठी पुडी एक लिटरसाठी असते. ती अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतली की द्रावण दाट होतं, ते आतड्यातून उलट पाणी ओढतं आणि मुलांना जुलाब लागतात. घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. लिंबू चवीला.

खाण्यात एकदम जेवण नको, थोडं थोडं खा. गोकाकचा करदंट यासाठी बनवल्यासारखा आहे: गूळ, डिंक, सुकामेवा, उन्हात न वितळणारा आणि कुस्करला तरी खाण्याजोगा. माणशी दोन वड्या पुरे. त्याबरोबर खारे शेंगदाणे आणि चिरमुऱ्यांचं भडंग, मिठासाठी. जेवायला दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या दुपारपर्यंत मऊ राहतात. त्यात शेंगदाण्याची चटणी लावून गुंडाळी केली की ताट-वाटी लागत नाही. कडक भाकरी मागे ठेवा, तिचा चुरा होतो आणि तहान वाढते. कुंदा संध्याकाळच्या मुक्कामाला. दुधाचा पदार्थ बंद डब्यात उन्हात नेणं नकोच.

आंबोलीत माकडं प्लास्टिकच्या पिशवीच्या आवाजाला येतात. खाणं कापडी पिशवीत, सॅकच्या आत ठेवा. सालंसुद्धा खाली आणा.

प्रश्न : दूधसागरला कॅसलरॉककडून रुळावरून चालत जायची वाट अजून चालू आहे का? आणि भीमगडला मुलांना घेऊन जाता येतं का?
(दोन मित्र, खानापूर)

उत्तर : रुळावरून नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली रुळावर विनापरवाना जाणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. जुलै २०२३ मध्ये तिथे गेलेल्या हौशी मंडळींना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या होत्या. कायदा बाजूला ठेवला तरी बोगद्यात गाडी आली तर मूल कडेवर घेऊन उभं राहायला जागा नसते. मुलांना धबधबा दाखवायचा तर दिवसाच्या गाडीच्या खिडकीतून दाखवा.

भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय आणि त्यांच्या माणसाशिवाय आत जायचं नाही. पावसाळ्यात खानापूर भागातल्या धबधब्यांवर बंदीचे आदेशही निघतात. निघण्याच्या आठवडाभर आधी खानापूरच्या वनखात्याच्या कचेरीत विचारा, दारात जाऊन हुज्जत घालू नका. अस्वल आणि गवा दोन्ही आहेत, त्यामुळे दहा वर्षांखालच्या मुलांना आमचा सल्ला नाही असाच. त्याऐवजी कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभेचा उगम दाखवा आणि चोर्ला घाटाने गोव्याला उतरा.

प्रश्न : जंगलात जळवा आणि गोचिडांचा फार त्रास होतो. मीठ, तंबाखू, रॉकेल यांपैकी काय न्यावं?
(एक शिक्षक, जांबोटी)

उत्तर : दोघांचा हंगाम वेगळा आणि धोकाही वेगळा. जळू जून ते ऑक्टोबर, ओल्या पाचोळ्यात. ती रक्त न गोठू देणारा रस सोडते म्हणून जखम तासभर झरते, बघून मुलं घाबरतात, पण बाकी इजा नाही. निघण्याआधी तंबाखूच्या पाण्यात बुडवून वाळवलेले मोजे घाला आणि पँट मोज्यात खोचा. चिकटलीच तर तिच्या निमुळत्या तोंडाकडच्या बाजूला नखाने कातडीलगत सरकवून सोडवा, मग दुसरं टोक. मीठ किंवा काडेपेटीने ती पटकन पडते हे खरं, पण पडताना पोटातलं जखमेत ओकते आणि जखम चिघळते. जागा धुऊन दाबून धरा, पट्टी बांधा.

गोचिडाचं प्रकरण गंभीर. माकडतापाचा विषाणू गोचिडांतून येतो. हा आजार १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेला आणि गेल्या काही वर्षांत दोडामार्ग, सत्तरी या आपल्या शेजारच्या तालुक्यांतही त्याचे रुग्ण सापडले. हंगाम डिसेंबर ते मे, म्हणजे नाताळची आणि उन्हाळ्याची सुट्टी. या दिवसांत कोरड्या पाचोळ्यावर बसू नका, लोळू नका. फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे घाला म्हणजे गोचीड दिसतो. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. मुक्कामी पोचताच गरम पाण्याने साबण लावून अंघोळ, आणि मुलांच्या काखा, कानामागे, गुडघ्यामागे, कमरेच्या नाडीखाली बारीक नजर. गोचिडाची पिल्लं खसखशीएवढी असतात. चिकटलेला गोचीड बारीक चिमट्याने कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ वर ओढा. रॉकेल, तेल, चटका यातलं काही नको, त्याने तो आणखी लाळ सोडतो. पुढच्या आठवडाभरात एकाएकी मोठा ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी आली तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आवर्जून सांगा. ते सांगितलं नाही तर साधा ताप म्हणून चार दिवस जातात.

प्रश्न : मे महिन्यात विमानाने लेहला जाऊन पहिल्या दिवशी छोटा ट्रेक, मग बाकी फिरणं, असा बेत आहे. तयारीसाठी दर रविवारी डोंगर चढतोय. मुलगा नऊ वर्षांचा.
(एक दांपत्य, चिकोडी)

उत्तर : पहिल्या दिवशी डोंगर, हा वरचा सल्ला लेहला पूर्ण उलटा करा. लेह ३५०० मीटरवर आहे. बेळगाव साडेसातशेच्या आसपास. २५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो, आणि कर्नाटकातलं सर्वात उंच मुळ्ळयनगिरी १९३० मीटरच्या आसपास, महाराष्ट्रातलं कळसूबाई १६४६. म्हणजे दोन्ही राज्यांतले सगळे डोंगर पालथे घातलेत तरी शरीराला त्या उंचीची सवय होत नाही. रविवारचा सराव पायांना आणि छातीला उपयोगी आहे, पण सराव असलेला माणूस वेगाने वर जातो आणि जास्त आजारी पडतो, असंही घडतं.

उतरल्यावर पहिले दोन पूर्ण दिवस आराम. खोलीजवळ सपाटीवर फिरणं एवढंच, दारू आणि झोपेची गोळी बंद. तीन हजार मीटरच्या वर असताना झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा वर न्यायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम त्याच उंचीवर वाढवायचा. त्यामुळे चार दिवसांत लेह, खिंडी आणि सरोवरं असा बेत आमच्या मते मुलाबरोबर करूच नये. डोकं दुखणं आणि त्याबरोबर मळमळ, भूक जाणं, झोप न लागणं, चक्कर यांतलं काही आलं की उंचीचा त्रास समजा, दुसरं कारण सापडेपर्यंत. मुलं डोकं दुखतंय असं सांगत नाहीत. ती किरकिरतात, जेवत नाहीत, खेळत नाहीत. तेवढ्यावर वर जाणं थांबवा. चालताना तोल जाऊ लागला, बसल्या जागी धाप लागली किंवा बडबड असंबद्ध झाली तर सकाळची वाट न बघता खाली न्या. प्राणवायूची नळी उतरण्याला पर्याय नाही. ॲसिटाझोलामाइडची गोळी मिळते, पण सल्फाची ॲलर्जी असलेल्यांना ती चालेलच असं नाही, आणि मुलाचा डोस वजनावर ठरतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका.

सुट्टी चारच दिवसांची असेल आणि हिमालयच हवा तर धरमशाळेकडे बघा. मॅक्लोडगंज दोन हजार मीटरवर, त्रिउंड अठ्ठावीसशेच्या आसपास. एक दिवस आराम करून दुसऱ्या दिवशी चढायचं आणि झोपायला खाली यायचं.

प्रश्न : आमच्याकडे मोबाईल कधी कर्नाटकाच्या, कधी महाराष्ट्राच्या टॉवरला लागतो. डोंगरावर अपघात झाला तर फोन कुठे करावा?
(एक तरुण, उचगाव)

उत्तर : १०८ किंवा ११२, दोन्ही राज्यांत चालतात. पण उचलणारा कुठल्या राज्यात बसला आहे हे गृहीत धरू नका. आधी राज्य, मग जिल्हा, तालुका, गाव या क्रमाने सांगा. आंबोली महाराष्ट्रात, सिंधुदुर्ग जिल्हा, सावंतवाडी तालुका. पारगड कोल्हापूर जिल्हा, चंदगड तालुका. राजहंसगड कर्नाटकात, बेळगाव. कणकुंबी खानापूर तालुका, आणि घाट उतरलात की गोव्याचा सत्तरी. निघण्याआधी ही ओळ कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवा. घाबरलेल्या माणसाला तालुका आठवत नाही. नकाशा घरच्या वायफायवर उतरवून घ्या आणि चालताना फोन विमान मोडवर ठेवा, नाहीतर टॉवर शोधण्यातच बॅटरी संपते.

साप चावला तर कापणं, चोखणं, आवळून दोरी बांधणं यातलं काही करायचं नाही. अंगठ्या, घड्याळ, पैंजण काढा, चावलेला हात-पाय काठीला बांधून हलू देऊ नका, आणि माणसाला चालायला न लावता उचलून आणा. कुठल्या सरकारी दवाखान्यात लस आहे ते १०८ वाल्याला विचारून मगच गाडी वळवा. आग्या मोहोळ उठलं तर तोंड-डोकं कापडाने झाकून उताराच्या बाजूने झाडीत पळा, हात झाडू नका. किल्ल्याच्या तटाखाली अत्तर लावून किंवा चूल पेटवून बसलं की ती उठतात. काटे लगेच खरवडून काढा. ओठ सुजले किंवा आवाज बसला तर दवाखाना, एकही मिनिट न दवडता.

प्रश्न : छत्री की रेनकोट?
(एक विद्यार्थिनी, हिंडलगा)

उत्तर : गावातून पायथ्यापर्यंत छत्री, पुढे रेनकोट. कड्यावरच्या वाऱ्यात छत्री उलटी होते आणि एक हात अडकून राहतो, तोच घसरताना लागतो. रेनकोट अंगात घालूनही चढावर घामाने भिजणारच, तेव्हा कपड्यांचा एक कोरडा जोड पिशवीत बांधून गाडीत ठेवा, मोज्यांसकट.